धुराची चव

आमच्या नरखेड तालुक्यात हंगाम धुरावरून ओळखता येतो. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर भुट्टे भाजले जातात. थंडी पडली की शेतात तुराट्यांच्या नाहीतर पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकतात आणि भरिताचा बेत होतो. जिथे अजून ज्वारी पेरतात तिथे हुरडा असतो. पाहुणे जास्त असले की गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे लावले जातात. रमजानमध्ये असरनंतर भज्या-समोस्यांची कढई चढते आणि बकरी ईदला अंगणात शिगडी पेटते. कापूस, तूर आणि संत्रा ही इथली पिकं, म्हणून सरपणही त्यांचंच. मोवाडला जा, जलालखेड्याला जा की सावरगावला, शेजाऱ्यांच्या घरचा मसाला आमच्यापेक्षा वेगळा असेल, पण धूर एकच.

आम्ही तिघी जावा एकाच घरात राहतो आणि एकाच स्वयंपाकघरात राबतो. घरात अब्बा, अम्मी, आमचे तिघींचे मालक आणि पाच मुलं. आमच्यातली मधली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. तिची जुनी पुस्तकं लग्नानंतर पेटीतच पडून होती. ती पुन्हा उघडायची वेळ आली, ती ज्या गोष्टीमुळे, तीच इथे सांगायची आहे.

अम्मींच्या थोरल्या जाऊ, ज्यांना आम्ही सगळे बडी अम्मी म्हणायचो, तीन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारा झाल्या. फुप्फुसाचा कर्करोग होता. त्यांनी आयुष्यात कधी तंबाखू तोंडात घातली नाही, विडी तर दूरच. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का? बडे अब्बा ओढायचे. मग विचारलं, स्वयंपाक कशावर केला? बडी अम्मी म्हणाल्या, "चुलीवर. दुसरं होतं काय?" चाळीस वर्षं पहाटेची चहा-भाकर आणि रात्रीचं जेवण त्यांनी बिनखिडकीच्या खोलीत रांधलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की एका माणसाचा कर्करोग नेमका कशामुळे झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही, पण आजूबाजूची विडी आणि चुलीचा धूर या दोन्ही गोष्टी हिशेबात धराव्या लागतात.

त्यानंतर घरात भीती आली. मधलीची मुलगी सातवीत आहे. जळकं खाल्लं की कॅन्सर होतो, असं ती कुठूनतरी ऐकून आली. एका शुक्रवारी अम्मींनी रोडगे लावले होते. मुलीनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "दादी, हे काळं आहे. यानं बडी अम्मीसारखं होतं." अम्मी काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मात्र त्यांनी आम्हाला विचारलं, "इतकी वर्षं मी तुम्हाला आणि लेकरांना काय वाढत होते गं?"

या प्रश्नाला "काही नाही हो अम्मी, तुम्ही मनावर घेऊ नका" असं उत्तर देता आलं असतं. पण ते उत्तर त्यांना पटलं नसतं आणि मुलीलाही नाही. म्हणून आम्ही नीट शोध घ्यायचं ठरवलं. मधलीनं पुस्तकं काढली, नागपूरला शिकवणाऱ्या तिच्या जुन्या मैत्रिणीला फोन केले, आणि रोज दुपारी जेवणं झाल्यावर आम्हा दोघींना थोडं थोडं समजावलं. जे समजलं ते असं.

लाकूड असो, कोळसा असो, चरबी असो की विडीतला तंबाखू, कार्बन असलेली कोणतीही वस्तू पुरेशी हवा न मिळता अर्धवट जळली की धुरात एका कुटुंबातली शेकडो द्रव्यं तयार होतात. त्यांना पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात, थोडक्यात पीएएच. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा. कार्बनच्या षटकोनी कड्या एकमेकींना चिकटून मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी बनते. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध द्रव्य म्हणजे पाच कड्यांचं बेंझो-ए-पायरीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटात ठेवलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं याबद्दल शंका उरलेली नाही.

हे कळायला माणसाला दीडशेहून जास्त वर्षं लागली. 1775 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना एका विशिष्ट जागी त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण काजळी आहे. ही मुलं गरिबांची असायची, लहानपणापासून अरुंद धुराड्यांत उतरवली जायची. 1915 मध्ये जपानचे यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला महिनोनमहिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखवला. डांबरात हजार वस्तू असतात. त्यातली दोषी कोणती हे शोधायला इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी तब्बल दोन टन डांबरापासून सुरुवात केली आणि 1933 मध्ये बेंझो-ए-पायरीन वेगळं काढलं. मग 1964 मध्ये अमेरिकेत लिजिन्स्की आणि शुबिक या दोघांनी कोळशावर भाजलेलं मांस तपासलं आणि तेच द्रव्य ताटातही सापडलं. एका किलो मांसात सरासरी सुमारे 8 मायक्रोग्रॅम.

आता 8 मायक्रोग्रॅम म्हणजे किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. म्हणजे शंभर कोटी दाण्यांच्या ढिगात आठ दाणे. अब्बा हे ऐकून हसले आणि म्हणाले, "मग एवढी चर्चा कशाला?" चर्चा यासाठी की हे द्रव्य शरीरात गेल्यावर यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं करून बाहेर टाकायला बघतं. बहुतेक भाग असाच काही दिवसांत निघून जातो. पण या खटपटीत त्यातल्या थोड्या भागाचं असं रूप तयार होतं की ते पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. शरीर ती बिघडलेली जागा दुरुस्तही करतं. पण रोज, वर्षानुवर्षं, अनेक वाटांनी भर पडत राहिली तर एखादी दुरुस्ती राहून जाण्याची शक्यता वाढते. एका ईदच्या कबाबानं हे होत नाही. मोजायची असते ती आयुष्यभराची बेरीज.

अब्बांना दुसरी गोष्टही सांगावी लागली. पहिला गट, दुसरा गट ही वर्गवारी पुराव्याची आहे, धोक्याच्या आकाराची नाही. तंबाखू पहिल्या गटात आहे आणि बेंझो-ए-पायरीनही, याचा अर्थ एक कबाब म्हणजे एक विडी असा होत नाही. अब्बा रोज दोन विड्या ओढतात हे त्यांनी या निमित्तानं स्वतःच बोलून दाखवलं. आम्ही त्यांना काही म्हणणार नव्हतो. नातीनं मात्र लगेच पकडलं.

मग प्रश्न आला की आमच्या घरात ही बेरीज कुठून होते. आम्ही एका वहीत आठवडाभराचं खाणं लिहिलं आणि प्रत्येकासमोर मधलीला विचारलं, हे कसं शिजतं, धूर लागतो का, चरबी थेंब थेंब पडते का. कारण मुख्य गोष्ट हीच आहे. गोश्तातली चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, तिथे जळते, तिचा धूर वर उठतो आणि पुन्हा त्याच सीखेवर बसतो. म्हणजे अन्नाला स्वतःच्याच चरबीचा धूर लागतो. हे एकदा कळलं की अर्धा स्वयंपाक आपोआप समजतो.

भरीत घ्या. वांग्यात चरबी नाही, म्हणून थेंब नाही. धूर सालीवर बसतो आणि साल आपण सोलून टाकतो. काळे कण गरात राहू दिले नाहीत तर भरिताला घाबरायचं कारण नाही. भुट्ट्याचंही तसंच, जळालेले दाणे सोडून द्यावेत.

आता अम्मींचे रोडगे. त्या गोवऱ्या आधी पूर्ण पेटू देतात. जाळ आणि धूर संपून नुसता लाल विस्तव आणि राख उरली की मगच कणकेचे गोळे आत सरकवतात. कच्च्या विस्तवात लावले तर रोडगा धुरकट लागतो, असं त्यांची आई सांगायची. धूर म्हणजे अर्धवट जळणं, आणि पीएएच अर्धवट जळण्यातूनच येतात. म्हणजे अम्मींच्या आईनं सांगितलेली गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकाशी जुळते. भाजून झाल्यावर त्या रोडगा फडक्यानं झटकतात, पुसतात, काळं झालेलं कवच काढतात आणि मग फोडून तूप घालतात. आम्ही मुलीला हे सगळं समोर बसवून दाखवलं. तिनं स्वतः एक रोडगा पुसला, काळा पापुद्रा खरवडला आणि खाल्ला. अम्मींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तेही नातीच्या हातून.

उपड्या मडक्यावरची लांब रोटी तर त्याहून चांगली. आच मडक्याच्या आत असते आणि रोटी बाहेरच्या अंगावर भाजते. जाळ रोटीला शिवतच नाही. तंदुरात याच्या उलट, विस्तवही आत आणि रोटीही आत, म्हणून तिथे सरपण कोणतं आहे यावर बरंच अवलंबून असतं. आपल्याकडचे पानगे आठवा, पळसाच्या पानांत झाकून भाजलेले. मलेशियातल्या संशोधकांनी केळीच्या पानात किंवा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून भाजलेलं मांस तपासलं, तेव्हा त्यात ही द्रव्यं कमी निघाली. मांस आधी थोडं शिजवून मग निखाऱ्यावर धरलं तरी कमी. आणि लिंबाच्या रसात मुरवलं तरी कमी. लिंबू, दही, आलं-लसूण लावून गोश्त रात्रभर ठेवणं आपल्या घरांत चवीसाठी आणि गोश्त नरम व्हावं म्हणून चालत आलेलं आहे. लिंबाचा हा आणखी एक फायदा आता कळला.

उलट, ज्याची आम्हाला कधी शंका आली नव्हती ते निघालं धुंगार. कोरम्याच्या किंवा कबाबच्या भांड्यात वाटी ठेवायची, तीत पेटता कोळसा, त्यावर चमचाभर तूप आणि वर घट्ट झाकण. चरबी निखाऱ्यावर पडणं आणि तिचा धूर अन्नावर बसणं, ही तर तीच कृती, आणि झाकणामुळे धूर बाहेरही जात नाही. थोरली म्हणाली, "मग धुंगार बंद?" लग्नाकार्यात वर्षातून दोन-चार वेळा, मिनिटभर दिला तर बेरजेत त्याचा वाटा किती असणार? पण दर रविवारी चिकनला कोळशाचा धूर द्यायची जी नवी हौस मोबाईल पाहून आली आहे, ती आमच्या घरात थांबली. लवंग-वेलची तुपात तडतडवून वरून ओतली तरी वास दरवळतो.

तळणीचं तेलही वहीत आलं. तेच तेल पुन्हा पुन्हा कडक तापवलं की ते काळं, घट्ट, फेसाळ होतं. त्यात बिघडलेली अनेक द्रव्यं साठत जातात, पीएएच त्यातलीच. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात अशा बिघडलेल्या द्रव्यांची, ज्यांना टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल खाण्याच्या कामाचं नाही. घरात हे मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतं. रमजानात आम्ही आता कढईत तेलच कमी घेतो, धूर निघेपर्यंत तापू देत नाही, गाळून ठेवलेलं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरून संपवतो. इफ्तारच्या ताटात रोज तळण असलंच पाहिजे असंही नाही. आमच्या तालुक्यात संत्रा असताना तर नाहीच. जाड सालीखालची संत्र्याची फोड धुरापासून, धुळीपासून जितकी सुरक्षित, तितकं दुसरं क्वचितच काही असेल.

वहीतलं सर्वांत अनपेक्षित पान मात्र रोजच्या साध्या जेवणाचं होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2008 मध्ये तिथल्या लोकांच्या जेवणातून येणाऱ्या या द्रव्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सर्वांत मोठे वाटे धान्याच्या पदार्थांचे आणि समुद्री अन्नाचे निघाले. धान्यात ते फार असतात म्हणून नाही. धान्य आपण रोज आणि पोटभर खातो म्हणून. धूर हवेतून शेतावर, पाल्यावर, वाळवणावर बसतो. जिऱ्याएवढं का होईना, रोज येतं. म्हणून पालक, मेथी, सांभार दोन-तीन पाण्यांतून धुणं नुसतं मातीसाठी नसतं. म्हणून वाहत्या डांबरी रस्त्यावर गहू, मिरची, तूर वाळत घालू नये. गाड्यांच्या धुराची काजळी त्यावर बसते. अब्बांनी यंदा शेतात ताडपत्री अंथरली. चहाबद्दलही विचारणा झाली, कारण चहाशिवाय आमच्या घरात कुणाचं चालत नाही. चहाच्या कोरड्या पत्तीत ही द्रव्यं असू शकतात, पण ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात. म्हणून कपात फार थोडी उतरतात. थोरलीनं हे ऐकून सुटकेचा श्वास सोडला.

आता बकरी ईदचं. कुर्बानीचं गोश्त वाटून झालं की मुंडी-पाये भुजायचं काम असतं. केस जाळावे लागतात, तेव्हा कुठे पाये साफ होतात. गॅसच्या बर्नरवर किंवा धगधगत्या कोळशावर हे काम होतं, नंतर सुरीनं खरवडून, गरम पाण्यानं घासून काळं सगळं काढून टाकलं की झालं. पण काही ठिकाणी जाळ लवकर व्हावा म्हणून टायर-ट्यूबचे तुकडे टाकतात. चूल पेटवताना प्लास्टिकची पिशवी, दुधाची थैली टाकणं तर गावोगाव चालतं. यात काही समजून घेण्यासारखं, चवीचं, परंपरेचं नाही. रबर आणि प्लास्टिक यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी घाण. जगभरच्या अन्नाचे निकष ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगानं 2009 मध्ये धुरावर अन्न तयार करण्याबद्दल जी आचारसंहिता काढली, तिच्यातही रबर, रंगवलेलं लाकूड, कचरा असलं इंधन अन्नाखाली नको असं सांगितलं आहे. आपण जनावर हलाल आहे की नाही हे पाहतो, सुरी धारदार आहे की नाही हे पाहतो. तय्यब, म्हणजे स्वच्छ आणि चांगलं, हा शब्द हलालच्या शेजारीच असतो. ज्या पायांचा शोरबा बाळंतिणीला आणि आजाऱ्याला ताकद यावी म्हणून देतो, ते पाये टायरवर भाजलेले नसावेत, एवढी काळजी आपल्याच हातात आहे.

आमची वही इथपर्यंत आली आणि मग अम्मींनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळं खाणाऱ्याचं लिहिलंत. भाजणारीचं कुठे लिहिलंत?"

बडी अम्मी कबाब फारसे खातच नसत. त्यांना दात नव्हते. त्यांनी धूर खाल्ला नाही, घेतला. खाण्यातून जे येतं त्यापेक्षा चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या श्वासातून जाणारं प्रकरण वेगळं आणि मोठं आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्या श्वासात काय घेतात हे मोजलं. त्या धुरात हेच बेंझो-ए-पायरीन शहरातल्या घाण हवेच्या कितीतरी पट जास्त निघालं. 1983 मध्ये हे छापून आलं आणि स्वयंपाकघराकडे जगाचं लक्ष गेलं. चीनच्या श्वानवेई भागात धुरकट दगडी कोळशावर रांधणाऱ्या, कधी सिगारेट न ओढलेल्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होत असे. तिथे घराघरांत धुराडं असलेल्या शेगड्या बसवल्या, आणि पुढच्या वर्षांत कर्करोगाचं प्रमाण उतरलं. धुराडं म्हणजे काय? भिंतीतून वर गेलेली एक नळी. तिनं जीव वाचले.

कर्करोग संशोधन संस्थेनं घरातल्या कोळशाच्या धुराला पहिल्या गटात आणि लाकूड-गोवरीच्या धुराला त्याखालच्या, बहुधा कर्करोगकारक अशा गटात ठेवलं आहे. कडक तेलात तळताना उठणारी वाफही त्याच दुसऱ्या गटात आहे. म्हणजे गॅस आला म्हणून काम संपलं नाही. रमजानात बंद खोलीत कढईवर वाकून उभी राहणारी बाईही हिशेबात आहे, आणि ती बऱ्याचदा रोजा धरून उभी असते.

उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि आमच्या वस्तीत अनेक घरांत सिलिंडर आलं. पण सिलिंडर संपलं आणि हातात पैसे नसले की पऱ्हाटी फुकट असते. पाणी तापवणं, भाकरी, जनावरांचं आंबोण, मोठा स्वयंपाक, हे चुलीवर जातं आणि गॅस पाहुण्यांच्या चहासाठी जपला जातो. ज्या घरात हिशेब पुरुषाच्या हातात असतो तिथे सिलिंडर "अजून आठ दिवस जाऊ दे" असं होतं. ते आठ दिवस कोणाच्या फुप्फुसावर जातात हे त्या हिशेबात लिहिलेलं नसतं.

याच प्रश्नावर मुंबईतही मोठी उलथापालथ झाली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पालिकेच्या नोटिसा तंदूरवाल्यांनाही गेल्या. मुंबईच्या अनेक जुन्या भट्ट्या आपल्या समाजातल्या कुटुंबांच्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पाव भाजणारे हात आहेत. भट्टी बदलायची तर पैसा लागतो, जागा लागते, आणि पावाची चव तीच राहील का ही धास्ती असतेच. त्यांची अडचण खरी आहे. पण भट्टीच्या तोंडाशी दहा तास उभा राहणारा कारागीर आणि शेजारच्या चाळीतलं मूल, यांचा श्वासही खराच आहे. बदल हवा, आणि तो करताना कारागिराची रोजी जाऊ नये, असं दोन्ही एकत्र मागायला हवं. आमच्याकडे लग्नात देग शिजवणाऱ्या बावर्चींचंही तेच. झाकण लावलेल्या देगेतल्या पुलावाला धूर लागत नाही, पण फुंकणी मारणाऱ्या बावर्चीला लागतो. दावतीत पहिली वाहवा त्यांची होते. मग ओली लाकडं त्यांच्या पुढ्यात टाकू नयेत, चांगली वाळलेली द्यावीत आणि देगा मंडपाच्या आत न ठेवता मोकळ्या वाऱ्यावर लावाव्यात, इतकं यजमानानं पाहावं.

आमच्या घरात जे बदललं ते थोडकंच आहे. स्वयंपाकघराच्या ज्या भिंतीला खिडकी नव्हती तिथे अब्बांनी गवंडी बोलावून खिडकी काढली आणि तिच्या वर एक साधा पंखा बसवला, धूर बाहेर ओढणारा. मागच्या अंगणातली चूल ठेवली, पण ती आता पत्र्याखाली उघड्यावर आहे आणि तिच्यात ओलं सरपण, प्लास्टिक जात नाही. लहान मुलांना जाळाजवळ बसवायचं नाही. पाठीवर किंवा मांडीवर बाळ घेऊन चुलीशी कुणी बसायचं नाही. घरात दोन सिलिंडर ठेवायचे, एक संपलं की लगेच नोंदवायचं, आणि त्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढायचे. अब्बांनी विडी अंगणात नेली, नंतर एकावर आणली, आणि सध्या ते सोडल्याचं सांगतात. नात खिसे तपासते.

यंदाच्या बकरी ईदला शिगडी पेटेल. सीखा आदल्या रात्री लिंबू-दह्यात मुरतील. चरबीचे मोठे तुकडे आधीच काढले जातील. गोश्त पातेल्यात अर्धं शिजवून घेतलं जाईल. कोळशावर राखेचा पांढरा थर चढल्यावरच सीखा ठेवल्या जातील, जाळ उठला की बाजूला सरकवल्या जातील, काळी कड सुरीनं काढली जाईल. सोबत कांदा, मुळा, काकडी, सांभार भरपूर. आणि या वेळी शिगडीपाशी आम्ही तिघी सबंध दुपार उभ्या राहणार नाही. आमचे मालक आणि मोठी मुलं पाळीपाळीनं उभी राहतील, वाऱ्याच्या बाजूनं, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. त्यांना हे आम्ही सांगून ठेवलं आहे. कुणी नाही म्हणालं नाही. फक्त धाकटीच्या मालकांनी विचारलं, सीख उलटायची कधी ते कसं कळतं? आता त्यांना ते शिकवायचं काम आमच्याकडे आलं आहे.